श्रावणाची बेरीज

अक्षदाच्या फोनमधल्या खरेदीच्या ॲपनं एक नवीनच काढलं. आजवर मागवलेल्या वस्तूंची नुसती यादी दिसायची. आता प्रत्येक महिन्याच्या डोक्यावर त्या महिन्याची बेरीज येऊ लागली. शिनोलीच्या घरी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता तिनं सासूला ती वाचून दाखवली, आणि साळुबाईंचा हात थांबला.

"ऑगस्टात साडेतीन हजार? आगं, श्रावण व्हता की!"

श्रावणभर फोनवरून काही मागवायचं नाही, हा साळुबाईंचा यंदाचा नेम. शेवटच्या सोमवारी हात जोडून त्यांनी महादेवाला सांगूनही टाकलं होतं, देवा, काही मागवलं नाही, नेम पार पडला. गौरी-गणपतीच्या गडबडीत राहून गेलेलं उद्यापन उद्यावर आलेलं. कळंबच्या नणंदेला, बनाबाईंना, जोडीनं जेवायचं आवतण गेलेलं. आणि नेमच मोडला असेल तर उद्यापन कशाचं?

"आत्या, समदा ऑगस्ट म्हंजी काय श्रावण न्हाई," अक्षदा म्हणाली.

हे खरं होतं, पण तेवढ्यावर साळुबाईंना गप्प बसवेना. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यांनी मांडीवर घेतलं. "फोनाचा महिना राहू दे. आपला महिना लाव. आवसंपासून आवसंपर्यंत."

अक्षदा तारखा वाचू लागली, साळुबाई चौकटीवर बोट ठेवू लागल्या. दिव्यांची माळ, मखराचं कापड, गौरींचे दागिने, पूजेचं किरकोळ सामान. सगळं अमावास्येनंतरचं, भाद्रपदातलं.

"सुटलीस बाई," बाजेवरून धर्माजी बायकोला म्हणाले. "आता पुरणाचं बघ."

पण साळुबाईंचं बोट मागं मागं सरकत होतं. "थांबा वो. श्रावण जुलैतच लागला व्हता. अक्षदा, जुलैची शेपटी बी बघ."

"आता कशाला उकरताय, आत्या?"

"बघू तर काय हाय ते."

नागपंचमीच्या तारखेला एक वस्तू निघाली. फुलवाती आणि कापूर.

"देवाशपथ, मी न्हाई मागवलं!" अक्षदा म्हणाली. मग तिनं जीभ चावली. आषाढात वाती मागवताना 'दर महिन्याला आपोआप' असं ॲपनं विचारलेलं, आणि थोडं स्वस्त पडतं म्हणून तिनं तिथं खूण केली होती. पार्सल फाट्यावरच्या सावळेरामच्या दुकानात येतं आणि दूध घालून परतताना तिचा नवरा गोरख ते घेऊन येतो. त्यानं वाती परस्पर देवघरातल्या डब्यात ओतल्या, आणि लेकानं मंचरच्या बाजारातून आणल्या असतील असं आईनं धरलं.

"म्हंजी नेम मोडला त्या वातींनी, आनि त्याच रोज देवापुढं लावल्या मीच!" साळुबाईंना हसू फुटलं. मग त्या विचारात पडल्या. वस्तू मागवली कधी म्हणायची? खूण केली तेव्हा, फोननं आपला आपण हुकूम सोडला तेव्हा, की पुडकं घरात आलं तेव्हा? संकल्प म्हणावा तर आषाढातला.

"मग आषाढातच धरा की," अक्षदा म्हणाली.

"आनि सामान देवाचंच," धर्माजी म्हणाले. "त्यो कशाला रागावतोय?"

"त्यो न्हाई रागवायचा. पर 'काही मागवलं न्हाई' असं मी त्याला सांगून बसले ना."

साळुबाईंनी कळंबला फोन लावायला सांगितला. "वन्सं, उद्या या, पर नुसत्या जेवायला. उद्यापन घट बसल्यावर करू. तवर पुन्यांदा नेम धरते."

कारण ऐकून पलीकडं बनाबाई खो-खो हसल्या. "दोनदा पुरणपोळी? वहिनी, पुढल्या साली बी अशीच चूक करा!"

धर्माजी मात्र उठून बसले. "आनि माझा कमरंचा पट्टा? आज मागवायचा ठरला व्हता."

"मंचरला मिळतोय. यष्टी हाय की."

"कंबर धरून यष्टीत चढू?"

"गोरखला धाडा मग," साळुबाई म्हणाल्या. अक्षदा तोवर फोनात बोट फिरवू लागली होती, ते आपोआपचं आधी बंद करायला.

"थांब, लगीच दाबू नको," म्हणत साळुबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शेंगांची पाटी बाजूला सारून सुनेला खेटून बसल्या. "ती खूण कुठं असती, मला दाव."