चोरीच्या फुलाचा कागद

छापखान्यातला नव्हे हं मित्रांनो, आणि इस्त्रीवाल्याचाही नव्हे. मी पानंफुलं दाबून वाळवायचा जुना प्रेस आहे. अक्रोडाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मधे पुठ्ठे आणि रद्दी, वरून चामड्याचे दोन पट्टे, एवढाच माझा संसार. अ‍ॅटलास डोंगरातल्या ज्या सुताराने मला घडवलं, त्याने विचारलं होतं, "बाई, याच्यात कोंबडी ठेवणार की कबुतर?" झहूर म्हणाली, "फुलं." सुताराने कपाळाला हात लावला.

झहूर मेक्नेस शहरातली, जेमतेम पंचविशीची. गवत, झाडं, किडे, पाखरं आणि त्यांच्या जिवावर जगणारी माणसं, या सगळ्यांचा एकत्र अभ्यास करायचं वेड घेऊन ती मला पाठीवर टाकून ताझ्रूत गावात आली. आणि पहिल्याच वसंतात तिने घोळ घातला.

गावाच्या वरच्या अंगाला एक कुरण आहे. त्याला अग्दाल म्हणतात. बर्फ वितळलं की ते बंद होतं, ते थेट जुलैच्या दहा तारखेला उघडतं. मधल्या काळात तिथे शेळी जात नाही, विळा जात नाही, कुणी गवताची काडीसुद्धा तोडत नाही. झहूरला हे कुठलं ठाऊक! पांढऱ्या पाकळ्यांचं, जांभळ्या देठाचं एक बुटकं फूल दिसलं आणि बाईसाहेब हरखल्या. मुळासकट उपटून माझ्यात ठेवलं. पट्टे आवळते न आवळते तोच मागून आवाज आला.

"काय चोरलंस गं?"

तो कुरणाचा राखणदार होता, हद्दू. उंचापुरा, मिशाळ.

"चोरलं? अहो, एकच फूल घेतलंय. अभ्यासाला."

"शेळीपण एकच घास म्हणते, पोरी. चल पंचांपुढे. आणि तो पिंजरापण घे."

पिंजरा म्हणे! जन्माला येऊन सहा महिने झाले नाहीत तर मी मुद्देमाल झालो. गावच्या रिवाजाप्रमाणे शिक्षा ठरली, सगळ्या पंचांना जेवण. झहूरने मेंढी आणून तिच्या मटणाबरोबर वाफवलेल्या रव्याचा कुसकुस रांधला. चोरीची नोंद म्हणून फूल जाड कागदावर दोऱ्याने टाचलं, खाली कुरणाचं नाव आणि तारीख घातली. झहूर सही करायला गेली तर हद्दू म्हणाला, "सही नको. सही कुणाचीही करता येते. अंगठा दे." तिच्या अंगठ्याशेजारी पाच पंचांचे अंगठे उमटले. कागद गावच्या कोठीतल्या पंचांच्या पेटीत, हद्दूच्या ताब्यात गेला.

झहूर घरामागे जाऊन रडली. मग डोळे पुसून हद्दूकडे गेली. "दा हद्दू, पण बंद का ठेवता हो?"

"बी पडायला नको का? एवढी शिकलीस आणि हे नाही शिकवलं?"

मित्रांनो, त्या एका उत्तरापायी तिने सगळं आयुष्य लावलं. दर वर्षी आम्ही ताझ्रूतला यायचो. कुठलं गवत कधी बी टाकतं, कुठली मधमाशी कुठल्या फुलावर बसते, आणि कुठल्या झाडाला इथल्या बायका काय म्हणतात, सगळं तिने लिहून घेतलं. हजारो फुलं माझ्यातून वाळून तिच्या संशोधन संस्थेच्या कोठारात गेली. लोक म्हणायचे, "प्रेस असावा तर असा!" मी फुगायचो. खोटं कशाला सांगू?

पुढे तिचे गुडघे धरले. आठ वर्षांपूर्वी निवृत्त होताना तिने मला आठवण म्हणून हद्दूला दिलं. त्याच हिवाळ्यात म्हाताऱ्याने एक दिवस पेटीतला तो कागद काढला, माझ्या सगळ्यात खालच्या दोन पुठ्ठ्यांमधे घातला आणि कडा पिठाच्या खळीने चिकटवून टाकल्या. पुटपुटला, "पोर गावासाठी एवढं राबली. तिची लाज पंचांच्या पेटीत कशाला?" महिनाभरात तो गेला. वसंतात कोठीचं छप्पर कोसळलं, त्यात पेटीचाही चेंदामेंदा झाला. कागद त्यातच गेला असं सगळे समजले.

हद्दूच्या लेकीने, इत्तोने, मला पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. वर चहाची किटली. पुष्पविज्ञानाची सेवा केली आणि उंदीर राखायला बसलो! वाईट वाटायचं हो.

यंदा मे महिन्यात झहूर आली. केस पांढरे, चेहरा उतरलेला. चहाचा पेला तिच्या हातात तसाच राहिला.

"काय झालं, लल्ला?" इत्तोने विचारलं. मोठ्या बाईला इथे मानाने लल्ला म्हणतात.

"अग्दाल नांगरून सफरचंदाची बाग करायचं घाटतंय. ते फूल दुसरीकडे कुठेच नाही म्हटलं, तर शेतकी खात्याचे साहेब म्हणतात, जुना पुरावा दाखवा, नाहीतर तुम्हीच लावलं असेल. माझे सुरुवातीचे सगळे कागद संस्थेच्या कोठारात किड्यांनी खाल्ले. परवा शेवटची बैठक आहे."

"मग आमच्या शेळ्या कुठे जाणार?" इत्तोचा आवाज चिरकला.

आणि मी! पोटात पुरावा घेऊन तीन हातांवर बसलेला! ओरडावंसं वाटत होतं. पण लाकडाला कुठे तोंड असतं?

तेवढ्यात झहूरची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई! प्रेस असा आवळून ठेवतात का? आणि वर किटली?"

"तुमचा पिंजरा चुलीत नाही ना घातला? उपकार माना."

झहूरने किटली उचलली, पट्टे सोडले आणि जुन्या सवयीने एकेक पुठ्ठा उन्हात मांडायला लागली. शेवटचा पुठ्ठा वाफेने फुगला होता. तिने कडेला नख लावलं. खळ सुटली. सुटली हो सुटली!

पांढरं फूल पिवळं पडलं होतं, पण देठ अजून जांभळा. खाली तारीख, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. सहा अंगठे. झहूरने कागद उन्हात धरला. हसत होती की रडत होती, मलाही कळलं नाही. इत्तो कागदाजवळ वाकून म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना!"

बैठकीत साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिला. एवढी जुनी तारीख आणि सहा माणसांचे अंगठे म्हटल्यावर त्यांनी पुरावा मानला. बागेचा बेत रद्द झाला. हुश्श! एवढा हलका मी पट्टे सुटल्यावरही झालो नव्हतो.

दहा जुलैला कुरण उघडलं. शेळ्या धावल्या. त्या पाचांपैकी हयात असलेला एकुलता एक पंच काठी टेकत झहूरपाशी आला. "म्हणजे चोरी शाबीत झाली म्हणायची! जेवण कधी?"

"मागे घातलं होतं की!"

"तेव्हा आम्हाला नुसता संशय होता."

झहूरने पुन्हा कुसकुस रांधला. अख्खं गाव जेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर कुणीतरी जुनं आवळून पडलं असेल. कधीतरी त्याचे पट्टे सोडा, त्याला ऊन दाखवा. तळाशी काय ठेवलंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त सांगता येत नाही.