चॅनल कोण बदलतो?

या घरात कुणीतरी अजून कुणाला तरी विसरलेलं नाही, आणि आळ मात्र दुसऱ्यावरच घेतलाय.

मी टीव्हीचा रिमोट बोलतोय. शिरूर कासारच्या अंगदच्या घरचा. पाठीचं झाकण केव्हाच तुटलं, आता रबरबँडवर तगून आहे. चाललो नाही की थप्पड खायची. सेल दमले की अंगदची आई, वनमालाबाई, ते उन्हात ठेवतात. नवे काही आणत नाहीत.

माणसं तोंडाने खोटं बोलतात. अंगठ्याने त्यांना जमत नाही.

संध्याकाळच्या मालिकेत नायिकेने घरच्यांसाठी कॉलेजातल्या प्रियकराला सोडलं. त्याने दिलेलं घड्याळ परत केलं आणि नंतर रिकामं मनगट चाचपत राहिली. ते बघून अंगदची नवी बायको करिष्मा रडली. झालं. वनमालाबाई मालिका सोडून सुनेचंच तोंड बघायला लागल्या.

"कावून रडती गं? कुणाची याद आली?"

"कुणाची न्हाई, आत्या. तिचं वाईट वाटलं."

"परक्या बाईचं? एवढं?"

करिष्माचा फोन तपासला. काही सापडलं नाही, तर संशय आणखी वाढला: पुसून टाकलं असेल. तिला माहेरी धाडायचं ठरलं. वडील उद्या न्यायला येणार आहेत. रडली म्हणून गुन्हेगार, हा कुठला न्याय?

मला विचारा ना. नायिका पडद्यावर आली की झडप घालून बातम्या कोण लावतो? अंगद. "जाहिराती लई हायत," म्हणतो. जाहिरात लागलेलीच नसते. अंगठा मात्र घामाने ओला असतो.

काल माझे सेल पार संपले. नायिका जुन्या बसथांब्यावर एकटी उभी होती. अंगदने मला दाबलं, पुन्हा दाबलं, मांडीवर आपटलं. मी ढिम्म. शेवटी टीव्ही बंद करायला तो स्वतः उठला आणि हात बटणावर ठेवून तसाच थांबला. वळला तेव्हा डोळे भरलेले. करिष्माने पाहिलं.

"धूळ गेली," अंगद म्हणाला.

"चोळू नको रे," वनमालाबाईंनी लगेच पदर पुढे केला.

रिकाम्या पोटी मी खाटेवर पडलोय. माझं ऐकू येत नसेल, तर मालिका बघायला आलेल्या शेजारच्या बायनाबाईंचं तरी ऐका. काल निघताना पायात चप्पल सरकवत त्या म्हणाल्या, "वनमालाबाई, सुनंचा फोन तर बघितला. पोराचा कवा बघता?"