कपाटातला घट

पोरांनी चिखलात खेळायला शाळेत कशाला यायचं, हा नानासोंचा सवाल होता. तो त्यांनी कमिटीच्या बैठकीत विचारला, पारावर विचारला, आणि विष्णुपंत मास्तर नदीवर आंघोळ करत होते तेव्हा काठावर उभं राहूनही विचारला.

"मास्तर, पोरं शाळंत घातली ती अंगावरची माती जावी म्हणून. आन् तुमी परत कालवायला लावताय! त्यात ह्ये रेशनचं दिस, आन् तुमी दाणा मातीत घालताय?"

मास्तरांच्या तोंडाला साबण होता. 

साल शेचाळीस. नानासो आंबेखिंडीच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष, आणि विष्णुपंत वाईहून बदलून आलेले. त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शनिवारचा शेवटचा तास निसर्गाचा म्हणून ठेवला होता. मुलं माती कालवून दाणे पेरत, गोगलगाय किती चालली ते सुतळीने मोजत, आणि मुंगळ्यापुढे गूळ आणि मीठ ठेवून तो कुठे वळतो ते श्वास रोखून बघत. आठवड्यात मास्तर त्या एका तासाची वाट बघत. मुलंही बघत, पण मास्तरांइतकी नाही.

शेवटी तडजोड झाली. नवरात्रातल्या सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार होते. त्यांना तास पटला तर तो राहील. नाही पटला तर त्या वेळात पाढे.

मास्तरांनी साधा प्रयोग निवडला. दोन खापरांत सारखी माती, सारखे दाणे. एक खापर खिडकीत, दुसरं कपाटात. उजेडातलं हिरवं होतं आणि अंधारातलं पिवळं, हे मुलांनी डोळ्यांनी बघायचं. दाणे घटस्थापनेच्या दिवशी पेरले, कारण त्या दिवशी घरोघर धान्य निवडलेलं असतं आणि प्रत्येकाला मूठभर आणता येतं. हीच चूक झाली, पण ती पुढे कळली.

सोमवारपर्यंत कपाटात कोणी डोकवायचं नाही, असा मास्तरांचा नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःही पाळला. पाणी घालायचं काम नानासोंच्या नातीकडे, राहीकडे. ती सात वर्षांची होती. दार बोटभर उघडून, डोळे घट्ट मिटून ती आत पाणी सोडायची.

"डोळे कशाला मिटतेस गं?"

"उजेड आत जाईल न्हवं!"

सोमवार उजाडला. दिपोटीसाहेब खुर्चीवर बसले, नानासो बाकावर. मास्तरांनी खिडकीतलं हिरवंगार खापर दाखवलं, दोन शब्द सांगितले, आणि कपाट उघडलं.

आत समई होती. खापराला हळद-कुंकू होतं, वर झेंडूची माळ होती, शेजारी खोबऱ्याची वाटी आणि पाच विड्याची पानं. आणि कोंब होते हिरवेगार.

"हे काय, मास्तर?" दिपोटीसाहेबांनी चष्मा पुसला.

शाळा झाडणारी रंगुबाई दारातूनच पुढे आली. "आवं मास्तर, आता तुमीच सांगा! शाळंत घट बसवलासा, आन् एक दिवा न्हाई का माळ न्हाई. आई कपाटात कोंडलेली! म्या झाडायला उघडलं तवा दिसलं. मग काल ऐतवारी दोनी दारं सताड उघडली, खिडकीम्होरं. दिसभर बायका येत व्हत्या. लय सोहळा झाला! आज सकाळी दिवा लावून दारं लोटली म्या."

"रंगुबाई, तो घट नव्हता. प्रयोग होता."

"आसंल. पर वटी भरलीया आता."

नानासो मिशीतल्या मिशीत हसले. "साह्यब, पाढ्यांचं तेवढं बगा मग."

मास्तरांनी समईची वात पुढे सारली, कारण ती विझत आली होती.

तेवढ्यात राही उठून उभी राहिली. "आमच्या घरी हाय की पिवळं. आमचं देवघर कपाटावानीच हाय."

दिपोटीसाहेबांचा फराळ नानासोंकडेच होता. त्यामुळे सगळी शाळा साहेबांच्या मागे रांगेने नानासोंच्या घरी गेली.

देवघर इतकं काळोखं की साहेबांचं कपाळ चौकटीवर आपटलं. नानासोंनी कंदील वर धरला आणि त्यांचा आवाज आपोआप मोठा झाला. "बगा साह्यब, सोनं! उभ्या गावात आसा पिवळा घट न्हाई. देवीची किरपा."

"किरपा न्हाई, आजा," राही म्हणाली. "खिडकी न्हाई."

सोवळ्याच्या खोलीच्या दारात नानासोंच्या कारभारीण अंबूबाई उभ्या होत्या, त्यांच्या हातातलं वरीच्या भाताचं ताट वाजलं.

"कार्टे, देवाला नावं ठेवतीस?" नानासो ओरडले.

"न्हाई वो. त्या कोपऱ्यात बगा की. वरचं कौल फुटलंय न्हवं, तिथनं उजेड येतो. म्या रोज बगतीया."

नानासोंनी कंदील खाली ठेवला आणि मुंडासं सांभाळत गुडघ्यांवर बसले. छतातून उन्हाचा एक कवडसा घटाच्या कडेला पडला होता. बरोबर तेवढ्याच जागेत, तळहाताएवढे, कोंब हिरवे होते. बाकी सगळे पिवळे. नानासोंनी हात मध्ये धरून कवडसा अडवला, काढला, पुन्हा अडवला.

"तीन पिढ्या हितं बसवतोय," ते सावकाश म्हणाले. "कुणी बगितलंच न्हाई."

"बगाल कसं? दिसायला नको?" अंबूबाई दारातून म्हणाल्या. "बारा वरसं सांगतीया, हितं खिडकी पाडा. पायाची बोटं फुटली माजी पाटाला आपटून. तर म्हणं, देवीला उजेड सोसत न्हाई!"

मुलं हसली. दिपोटीसाहेब कपाळ चोळत हसले, आणि त्यांनी शेरेबुक मागवलं.

"अध्यक्षसाहेब, तुमचं मत काय लिहू?"

नानासो अजून गुडघ्यांवरच होते. "ल्ह्या, तास ऱ्हाऊ द्या. पर खाली एक वळ वाढवा: पुढच्या साली कपाटाला कुलूप."

दसऱ्याच्या संध्याकाळी नानासोंनी राहीच्या हाती मास्तरांकडे तुरा पाठवला. त्यात एक कोंब पिवळा होता आणि एक हिरवा. मास्तरांनी दोन्ही टोपीत खोवले आणि सीमोल्लंघनाला गेले. वाटेत रंगुबाई भेटली. तिने टोपीकडे बघून हात जोडले आणि विचारलं, "मास्तर, यातला शाळंच्या आईचा कंचा?"

त्या रात्री मास्तरांनी ते कोंब एका पुस्तकात ठेवले. पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत जपलं. आता उघडलं तर दोन्ही कोंब एकाच रंगाचे आहेत, आणि कोणता कोणता होता ते सांगायला मास्तर नाहीत.