बिस्किटाच्या डब्याचं झाकण

लोहचुंबक माझाच. साबणाच्या वडीएवढा, गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेला. ब्रायनीच्या अठराव्या वाढदिवसाला मी तो तिला दिला तेव्हा तिची आई माझ्यावर उखडली होती. मुलीला कुणी चुंबक देतं का म्हणे!

आता ब्रायनी तेहेतीस वर्षांची आहे, दातांच्या डॉक्टरकडे नर्स आहे. सहा वर्षं काटकसर करून ती आयुष्यातली पहिली जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायला निघाली होती. दोन सीटची, उघडी, वयाने माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. मी यॉर्कशरच्या या डोंगरात तीस वर्षं गॅरेज चालवलं, तेव्हा मला बरोबर नेणार नाही तर कुणाला? काय काय तपासायचं ते मीच तिच्याकडून लहानपणापासून घोकून घेतलं होतं. ती यादी तिने कागदावर लिहून आणली होती आणि तळाशी स्वतःची एक ओळ घातली होती: डॅड हो म्हणाला तरच घ्यायची. मी ती वाचून फुशारलो, खोटं कशाला बोलू.

मालकाचं नाव थ्वेट. सत्तरी ओलांडलेला, खणखणीत आवाजाचा गडी.

"बघा, निवांत बघा," तो म्हणाला. "आमच्या डोरीनपेक्षा जास्त जपलीय हिला. फक्त डोरीनला सांगू नका, ती आज बहिणीकडे गेलीय म्हणून बोलतोय."

गाडी बाटलीसारखी हिरवी आणि झकपक. ब्रायनीने यादी काढली आणि कामाला लागली. चाकांच्या तारा एकेक वाजवून पाहिल्या. तेलाचं झाकण उघडून, तेलात पाणी शिरून आत दुधाळ साय धरलीय का ते पाहिलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि चुंबक दारांखाली फिरवायला लागली; गंज पुट्टीने बुजवला असेल तिथे तो चिकटत नाही. उघड्या गाडीला टप नसतो, त्यामुळे सगळा भार दोन्ही दारांखालच्या पोकळ लोखंडी पेट्यांवर येतो. आम्ही त्यांना उंबरे म्हणतो. उंबरा आतून गंजला की गाडी मधोमध मोडते, आणि आत बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी दोनदा पाहिलंय.

"चिकटला, डॅड! दोन्हीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुट्टी कुठेच नाही!"

"असेलच कशी?" थ्वेट म्हणाला. "चौऱ्याऐंशी साली घेतली मी ही. तिकडे कीथलीला, गिरणीच्या मागे, एक पोरगा शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. केस खांद्यापर्यंत, पण पोरगा सरळ हो! म्हणाला, उंबरा मी स्वतः नवा केलाय, तुम्ही फक्त दर हिवाळ्याआधी खालून डांबर फासत जा. पस्तीस वर्षं एकदाही चुकवलं नाही बघा. आणि आता तर इतक्या जुन्या गाड्यांना सरकारी तपासणीही माफ आहे. कुणी खाली डोकावतसुद्धा नाही."

कीथलीला गिरणीच्या मागे शेड एकच होती आणि ती माझी होती. केस आता औषधालाही उरले नाहीत, म्हणून थ्वेटने मला ओळखलं नाही इतकंच. पण ती गाडी पांढरी होती, मी मनाला समजावलं. पांढरीच होती की.

ब्रायनी आणि थ्वेट इंजिन ऐकायला पुढे गेले. मी ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलला. आतल्या पत्र्याला गंजून नाण्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून खिशातल्या बॅटरीचा उजेड टाकला आणि डोळा लावला. आत, खाली बसलेल्या कसल्याशा लगद्याच्या वर, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, बर्फ पडलेल्या फांदीवर एक लाल छातीचा पक्षी बसला होता.

तो आमच्या घरातला पक्षी. म्हणजे गाडी तीच, रंग तेवढा मागाहून बदललेला. नाताळच्या बिस्किटांच्या डब्यावरचा. आईने ते झाकण वर्षभर शोधलं आणि शेवटी ज्यात ती बटणं ठेवायची त्या डब्यावर बशी झाकून ठेवायला लागली. मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. गंजलेला उंबरा कापून नवा जोडायचा म्हणजे आठवड्याचं काम. मी ते एका संध्याकाळी उरकलं होतं. आत वर्तमानपत्राचे बोळे, वर झाकण, चार रिव्हेट, पातळशी पुट्टी आणि रंग. झाकण पत्र्याचंच, चुंबक चिकटणारच की! आणि डांबराचा सल्ला का दिला होता? खालून कुणाला काही दिसू नये म्हणून. बावीस वर्षांचा होतो मी, नालायक कार्टा.

मी गालिचा हळूच परत अंथरला.

"डॅड, आता जॅक," ब्रायनी म्हणाली. जॅकवर गाडी उचलायची आणि दार उघडून बघायचं. उंबरे मजबूत असले तर दार सहज उघडतं, नाहीतर अडकतं. आणि ही उचलली असती तर झाकण तिथल्या तिथे चुरगळलं असतं, तिच्या डोळ्यांदेखत.

"राहू दे," मी म्हणालो.

"काय? तूच तर म्हणतोस, जॅकशिवाय गाडी घेणारा गाढव."

"गुडघा दुखतोय माझा. दिसतंय ना, चांगली आहे."

ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, गाडी मला इतकी आवडली की मी नियम मोडला. आत्ता सांग, मी मनात म्हणत होतो, आत्ता सांग मूर्खा. पण थ्वेट तिथेच उभा होता, आणि त्याच्यासमोर, तिच्यासमोर, माझ्या तोंडाला जणू कुलूप बसलं.

"तुमच्या गाडीची किल्ली इथे ठेवा आणि पुलापलीकडे चक्कर मारून या," थ्वेट म्हणाला. "आवाज ऐका तिचा!"

मी बसलो. का बसलो? ती एकटी गेली असती म्हणून. आणि ती ड्रायव्हरच्या जागी बसली, म्हणजे बरोबर माझ्या त्या झाकणावर.

उतार सुरू झाला. दोन्हीकडे दगडी कुंपणं, मध्ये जेमतेम एका गाडीचा रस्ता. ब्रायनीचे केस वाऱ्यावर उडत होते आणि ती लहान मुलीसारखी ओरडत होती.

"पुढच्या आठवड्यात स्कॉटलंड, डॅड! थेट उत्तरेच्या टोकापर्यंत! एकटी!"

"हळू."

"पस्तीसवर तर आहे!"

"हळू म्हणतोय ना!"

माझी नजर तिच्या दाराच्या मागच्या फटीवर खिळली होती. निघताना तिथे बोट शिरलं असतं. आता नख शिरलं नसतं. प्रत्येक खड्ड्याला फट मिटायची आणि किंचित उघडायची. पायाखाली कुठेतरी करकर होत होती. समोरून दुधाचा टँकर आला तर? तिने जोरात ब्रेक दाबला तर? माझं पोर या डब्यात बसलंय आणि डबा मी बनवलाय. सांगायला तोंड उघडलं की नुसतं ततपप.

पूल दिसला. मध्ये उंचवटा असलेला, जुना.

"घट्ट धर!" ती हसत म्हणाली.

"थांब!" मी किंचाळलो. "ब्रायनी, थांब, थांब!"

तिने ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली गेली, कुंपणाच्या दगडाला आरसा घासला आणि आम्ही पुलाच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबलो. खालून काहीतरी फाटल्याचा आवाज आला.

"काय झालं? छातीत दुखतंय का? डॅड!"

तिने दार उघडायला कडी ओढली. दार उघडेना. तिने खांदा लावला. ढिम्म. मग ती माझ्याकडे न बघता दारावरून उडी मारून बाहेर गेली आणि खाली वाकली.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पक्ष्यासकट.

खिशातून तिने तिच्या घरची किल्ली काढली आणि दाराखाली, जिथे आता बारीकशी भेग दिसत होती, तिथे खुपसली. पुट्टीचं खापर निघून पडलं. मग झाकणाची कड बाहेर आली आणि त्यामागून ओल्या कागदाचा लगदा. तिने तो दोन बोटांनी ओढून काढला आणि रस्त्यावर टाकला.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"गालिचा उचलला तेव्हा."

"म्हणजे बसायच्या आधी."

मी मान हलवली. ती वळली आणि चढ चढायला लागली. दीड मैल. माझा गुडघा खरंच दुखत होता, पण ती एकदाही थांबली नाही, आणि थांब म्हणायचं तोंड मला नव्हतं.

थ्वेट फाटकातच उभा होता. "गाडी कुठाय? बंद पडली? पडायची नाही हो!"

ब्रायनीने माझ्याकडे बघितलं. "सांग त्यांना."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गॅरेजच्या दारातल्या उलट्या बादलीवर बसला.

"डोरीन चालवायची," तो म्हणाला. "स्कारबरोला. दर उन्हाळ्यात दोनदा. अन् जुळ्या पोरी शेजारच्या एकाच सीटवर, एकमेकींना बिलगून... डोंगरातला रस्ता तो, तुम्हाला माहितीय." पोरी आता चाळिशीला आल्या आहेत, सुखरूप आहेत, पण तेव्हाची भीती त्याला आत्ता गाठत होती. "मी तुम्हाला सरळ म्हणालो हो," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो."

गाडीचा व्यवहार बोलायचा राहूनच गेला. आम्ही ब्रायनीच्या रोजच्या गाडीत बसलो. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. यादीचा कागद तिच्या मांडीवर होता.

"डॅड," ती समोर बघत म्हणाली, "त्या शेडमध्ये अशा आणखी किती केल्यास?"

एकच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग मला एक निळी आठवली. मग हॅलिफॅक्सच्या मास्तरीणबाईंची. मग एका नवरा-बायकोची पिवळी; ते गाडी बघायला आले तेव्हा त्यांचं बाळ रडत होतं.

मी बोटांवर मोजायला लागलो. एक हात संपला.