लाटांचा लाडका, मुक्काम रंकाळा

कोल्हापूर आणि समुद्र यांच्या मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडला आहे, आणि बहुधा म्हणूनच समुद्राबद्दल इथं जितक्या ठामपणे बोललं जातं तितकं रत्नागिरीतही कुणी बोलत नसेल. त्यातही शाहूपुरीतल्या चहाच्या गाड्यावर बाळासो देसाई बोलायला लागले की बाकीच्यांनी नुसता चहा प्यायचा, असा तिथला रिवाज होता. बाळासो मूळचे चंदगडचे, नौदलातून निवृत्त झालेले. ‘लाट’ म्हणताना ते हात डोक्याच्याही वर न्यायचे. सगळी नोकरी मात्र त्यांनी इंजिनरूममध्ये काढली होती, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली, जिथं खिडकी नसते आणि समुद्र फक्त पत्र्यापलीकडून ऐकू येतो. हा बारीकसा तपशील ते कुणाला सांगत नसत, आणि विचारण्याइतकी माहिती ऐकणाऱ्यांना नव्हती.

एकाला होती. गणपती सुतारांना. तेही नौदलातलेच, वायरलेसवर होते. पण बाळासोंनाही गणपतींच्या चार गोष्टी ठाऊक होत्या, त्यामुळं दोघांची मैत्री चांगली टिकून होती.

तर अशा या गावात विजयसिंह सरनोबतांनी सिनेमा काढला. विजयसिंहांचा मूळ धंदा स्टीलच्या कपाटांचा. पण कपाटावर नाव छापून माणसाला किती मान मिळणार? म्हणून त्यांनी ‘लाटांचा लाडका’ काढला. कोल्हापूरचा एक रांगडा गडी शिडाच्या होडीतून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणा करून येतो, अशी गोष्ट. प्रदर्शनाआधी खऱ्या दर्यावर्दींना सिनेमा दाखवायचा आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मोबाइलवर टिपून घ्यायचं, ही कल्पनाही त्यांचीच.

खरे दर्यावर्दी गोळा करायला माणसं सुटली. मिळाले तिघे. बाळासो, गणपती आणि दीक्षा कांबळे. दीक्षा व्यापारी जहाजावर अधिकारी होती, तेलाच्या टँकरवर फिरायची आणि सध्या सुट्टीला घरी आली होती. तिघांना भगवे फेटे बांधून थिएटरात पहिल्या रांगेत बसवलं. तिथून पडदा बघायचा तर मान आभाळाकडं करावी लागते, पण मानाची जागा म्हटल्यावर मान दुखणारच. बाळासोंच्या पत्नी मीनाबाई काही आल्या नाहीत. पौर्णिमा होती, त्या नृसिंहवाडीला दर्शनाला गेल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला. हिरो आईच्या पाया पडला, बायकोच्या हातून दही खाल्लं आणि होडीत बसून निघाला तो थेट वादळात. वादळात त्यानं सगळी शिडं उभारली.

“आता मरतंय बघ,” बाळासो म्हणाले.

मेला नाही. उलट गाणं म्हणाला. गाणं संपल्यावर कोरडा ठणठणीत होऊन त्यानं होडीतच चूल पेटवली आणि मासा भाजला.

“लाकडाच्या होडीत चूल! ह्येच्या बापानं बांधलीया का होडी?”

“काका, शिडाकडं बघा,” दीक्षा फेटा सावरत म्हणाली. “शीड डावीकडच्या वाऱ्यानं फुगलंय, आणि केस उजवीकडच्या वाऱ्यानं उडतायत.”

“केसाला वेगळा पंखा लावला आसंल,” गणपती म्हणाले. “आन मला सांगा, कवापासनं बघतोय, हे पोरगं एकदा तरी मोरीला गेलंय का?”

हिरोची दाढी पृथ्वी अर्धी संपली तरी तेवढीच राहिली. तो एका नारळाशी बोलू लागला, नारळाला ‘दोस्ता’ म्हणू लागला, तेव्हा बाळासोंना हसू आवरेना. शार्क आला. हिरोनं वल्हं उगारून एका फटक्यात शार्कचं काम तमाम केलं. मग वारा पडला. होडी थांबली. हिरो नुसता बसून राहिला आणि पडद्यावर बराच वेळ काहीच घडेना. एवढ्या एका प्रसंगात तिघंही गप्प होते, कारण बाळासोंना डुलकी लागली होती, गणपती मोबाइल बघत होते आणि दीक्षा मान चोळत होती.

बाहेर आल्यावर विजयसिंहांनी स्वतः माइक पुढं केला. “देसाईसाहेब, डोळे पाणावले की न्हाय?”

“पाणावले,” बाळासो म्हणाले. “मान वर करून करून.” मग त्यांनी फेटा काढून गणपतींच्या हातात दिला आणि सुरू झाले. वादळ, चूल, केस, दाढी, मोरी, काही सोडलं नाही. दीक्षानं मध्ये एकदा “पोरांनी मेहनत तरी घेतलीय हो काका” म्हणून बघितलं, पण बाळासो आता थांबणारे नव्हते. “अवो, हे पोरगं समुद्रात न्हाय, पंचगंगेच्या घाटावरबी एकटं उतरायचं न्हाय! होडी चालवाया दम लागतोय दम. आमी काय नुसतं फिराय गेलतो व्हय?”

हा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर झाला. लोकांनी त्याखाली ‘नाद खुळा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी विजयसिंहांचा फोन आला. आवाज अगदी गोड होता.

“देसाईसाहेब, पिच्चरमधली होडी आमी रविवारी प्रचारासाठी रंकाळ्यात सोडतोय. तुमीच चालवून दावा की. आमच्या पोरांना जरा शिकाय मिळंल.”

अशा वेळी शहाणा माणूस गुडघेदुखी काढतो. बाळासोंनाही ती होती, पण फोन आला तेव्हा ते चहाच्या गाड्यावर होते, फोन स्पीकरवर होता आणि भोवती सात-आठ जण होते.

“येतो की,” बाळासो म्हणाले.

फोन ठेवल्यावर गणपतींनी हळूच विचारलं, “बाळ्या, तू शिडाची होडी कवा चालवलीस?”

“त्यात काय आसतंय? वारा येतोय, होडी जाती.”

रविवारी सकाळी रंकाळ्यावर चांगलीच गर्दी झाली. भेळवाल्यांनी गाड्या लवकर लावल्या. होडी दिसायला झकास होती, डोलकाठीवर भगवा होता आणि दोन्ही अंगांना विजयसिंहांच्या कपाटांची जाहिरात. बाळासो पांढरा शर्ट घालून आले. दीक्षा लाइफ जॅकेट घेऊन उभी होती.

“रंकाळ्यात? मी? लोक हसतील, पोरी.”

“हसू देत. हे घातल्याशिवाय मी होडी सोडू देणार नाही.” तिनं त्यांचे हात लहान मुलाच्या झबल्यात घालावेत तसे जॅकेटात घातले आणि पट्टे आवळले.

चौघांनी होडी ढकलली. नेमका त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, शीड फडफडून फुगलं आणि होडी डौलात निघाली. काठावर शिट्ट्या सुरू झाल्या. बाळासोंनी एक हात सुकाणूवर ठेवून दुसरा उंचावला. हा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आला आणि तो खरोखरच देखणा आहे. दुर्दैवानं सफर फोटोएवढ्यावर संपली नाही.

तळ्याच्या मध्यावर जाऊन वारा पडला. पडला म्हणजे पार मेला. शीड डोलकाठीला ओल्या धोतरासारखं चिकटलं. बाळासोंनी सुकाणू इकडं फिरवून पाहिलं, तिकडं फिरवून पाहिलं. होडी हळूच सरकली आणि जलपर्णीच्या हिरव्या गादीत जाऊन बसली. मग त्यांनी वल्हं उचललं. वल्हं चमत्कारिक हलकं लागलं. पाण्यात घालून जोर लावला मात्र, मधोमध काटकन मोडलं आणि आतून पांढरा थर्माकोल बाहेर आला. याच वल्ह्यानं शार्क मेला होता.

काठावरून सल्ले सुरू झाले. “शीड उलटं करा!” “हातानं पाणी मारा!” “गिअर टाका की ओ!” ज्यांनी आयुष्यात बादलीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तेही तोंडातली भेळ सांभाळत दिशा दाखवत होते. विजयसिंह खुर्चीवर बसून होते. कुणीतरी म्हणालं, दुसरी होडी पाठवा. ते म्हणाले, “घाई कशाला? मानूस अनुभवी हाय. आन लोक जमतायत.”

दीक्षा मात्र नावाडी शोधायला धावली. सापडला तेव्हा तो जेवत होता, आणि कोल्हापुरात माणसाला भरल्या ताटावरून उठवणं हे टँकर वळवण्यापेक्षा अवघड काम आहे.

इकडं ऊन चढलं. बाळासोंचा फोन वाजला. मीनाबाई होत्या.

“कुठं हाय ओ?”

“पाण्यात.”

“ते दिसतंय. शेजारच्या स्वप्नालीनं व्हिडिओ पाठवलाय. डोस्क्यावर रुमाल घ्या. जेवायला किती वाजता येणार?”

“वाऱ्यावर हाय सगळं.”

“मग आमी जेवून घेतो,” मीनाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाळासोंनी रुमाल डोक्यावर बांधला. काठावरचा गोंगाट इतक्या लांबून आता माश्या घोंगावल्यासारखा येत होता. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. काय ते आधी कळेना. मग लक्षात आलं, खाली धडधड नव्हती. इतकी वर्षं पाण्यावर काढली, पण पायाखाली इंजिन असायचंच, आणि डाव्या-उजव्या हाताला घामेजलेली माणसं असायची, कुणी शिव्या देणारं, कुणी पत्ते पिसणारं. एकटं असं ते पाण्यावर कधी नव्हतेच. घरीही कधी एकटे नसत. नुसतं बसून राहणं म्हणजे काय असतं हे त्यांना या वयात, गावातल्या तळ्यात कळत होतं, आणि ते बिलकूल आवडत नव्हतं. छातीत बारीक धडधड होऊ लागली. इंजिनाची उणीव जणू तिनं भरून काढली.

डोलकाठीवर एक पाणकावळा येऊन बसला आणि पंख पसरून वाळवू लागला.

“काय पावणं,” बाळासो त्याला म्हणाले, “वारा कुनीकडनं येतोय आज?”

पाणकावळा बोलला नाही. बाळासो बोलत राहिले. गुडघ्याचं सांगितलं, चंदगडच्या काजूंचं सांगितलं, विजयसिंहांच्या घराण्याबद्दलही दोन शब्द सांगितले. नावाड्याबरोबर दीक्षा जवळ पोचली तेव्हा ते त्या पक्ष्याला ‘मर्दा’ म्हणत होते. तिनं ते ऐकलं. पण दोर फेकताना ती एवढंच म्हणाली, “वारा पडला काका. त्यात तुमचं काय चुकलं?”

बाळासोंनी दोर बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा दीक्षानंच होडीत उतरून बांधला आणि काठ येईपर्यंत रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत बसली.

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. सिनेमाला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. पण हा व्हिडिओ आधीच्यापेक्षा जास्त पळाला आणि पाठोपाठ थिएटरात लागलेला सिनेमाही पळाला. विजयसिंहांनी नवी पोस्टरं लावली: ‘जे खऱ्या खलाशाला जमलं नाही ते पाहा!’

चहाच्या गाड्यावर गणपतींनी चार लोकांसमोर परीक्षण दिलं. “एंट्री जोरात हाय. मधला भाग लई रेंगाळलाय. मोरीचा प्रश्न हितंबी सुटला न्हाय.” बाळासोंनी आयुष्यात पहिल्यांदा तिथला चहा नुसता प्यायला.

दोन दिवसांनी मीनाबाईच म्हणाल्या, “सगळं गाव बघून आलं, मलाबी न्या की त्या पिच्चरला.” बाळासो नको नको म्हणत होते, पण दुपारच्या खेळाला गेले. या वेळी मागच्या खुर्च्या घेतल्या. वादळ आलं, चूल पेटली, बाळासो काही बोलले नाहीत. वारा पडला आणि हिरो बसून राहिला तेव्हा तर ते पुढं झुकून बघत होते. त्या पोराला बसायचं कसं हे बरोबर कळलं होतं. कुणी शिकवलं असेल?

मग पडद्यावर हिरोची बायको आली. ती किनाऱ्यावर उभी होती. पदर उडत होता, आणि ती समुद्राकडं बघत होती. पुढच्या प्रसंगातही ती तिथंच होती, तशीच बघत.

“ही बया काय दिवसभर हितंच उभी ऱ्हाती व्हय?” मीनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. “दळण कोन आणणार हिचं? म्हशीची धार कोन काढणार? नवरा गेला म्हणून बाई असं बघत बसती? कवा बसायची? पावसात घराची कौलं उडतात, पोराला ताप चढतोय, यष्टी बंद, डॉक्टर गडहिंग्लजला. हिला कशाचाच पत्ता न्हाय. साडीलाबी चिखूल न्हाय बगा.”

पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागं वळल्या आणि “अगदी खरं वो” म्हणाल्या.

बाळासो पडद्याकडं बघायचे थांबले. सुट्टीवर चंदगडला घरी आल्यावर लाटांच्या गोष्टी सांगायचा मान नेहमी त्यांचा असे. कौलं उडाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा ते बोलत असतील.

“कौलं कवा उडालती?” त्यांनी विचारलं. “आन तापाचं काय? मग तू काय केलंस?”

मीनाबाईंनी त्यांच्याकडं जरा नवलानं पाहिलं. पडद्यावर होडी परत यायला लागली होती.

“आता गप बसा,” त्या म्हणाल्या. “पिच्चर बघू द्या.”