खांद्यावरचा हात

तेरवीला ठेवायचा फोटो मोठा करून हवा, म्हणून आनंदराव कन्हानहून आमच्या धरमपेठेतल्या स्टुडिओत आले. त्यांचे थोरले भाऊ देवराव नुकतेच वारले होते. देवरावांचा एकच फोटो निघाला होता, लग्नानंतर इथेच काढलेला, जोडीचा. घरची प्रत ओल लागून गेली होती. पण आमचे मालक वामनराव जुन्या काचेच्या निगेटिव्ह कधी टाकत नसत. या फोटोचीही सापडली.

खुर्चीवर पांढऱ्या शर्टातले देवराव, मागे उभी नवी नवरी कौशल्या. तिचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर, मनगटभर बांगड्या.

“बाई काढून टाका,” आनंदराव म्हणाले. “भाऊ एकटाच पाहिजे. अन् तो हात बी नको.”

“हात तं जाईनच,” वामनराव हसले. “नाही तं लोक म्हनतीन, देवरावाले भुतानं धरलं.”

“अन् काचेवरच रंगवा. पुन्हा कोनी छापाले नको.”

काचेवर रंग चढला की ती जागा कागदावर पांढरी उमटते. वामनराव लाल रंग थेट काचेच्या चित्र असलेल्या बाजूवर लावत आणि वर वार्निशचा हात मारत. तो रंग पुढे काढायला गेलं तर खालचं चित्रही सोलून निघतं. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं. वार्निश चित्रात कसं मुरतं ते मला माहीत होतं. म्हणून रंगकाम माझ्याकडे आल्यापासून मी काचेला बोट लावत नसे. तिच्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची, सुईनं कोपऱ्यांच्या खुणा जुळवायच्या आणि रंग त्या फिल्मवर द्यायचा. या कामाला दोन फिल्म लागल्या. एकीवर कौशल्या झाकली. दुसरीवर फक्त हात, शर्टाच्या पांढऱ्याशी जुळेपर्यंत पातळ करड्या रंगाचे थर देऊन.

“इंदुताई, हे कॉलेजचं प्रॅक्टिकल नोहे,” वामनराव म्हणाले. “गिऱ्हाइकानं काचेवर म्हटलं आहे.”

“मग तुम्हीच लावा रंग.”

त्यांना मोतीबिंदू होता. ते पुटपुटत बाहेर गेले.

फोटो छान उतरला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटे देवराव, खांदा स्वच्छ. मला एकच खटकलं. ते हसत होते, आणि कशाला ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट. तेरवी व्हायच्या आत ती घराबाहेर पडली होती, एकटी, बसनं.

“मी देवरावची बायको. फोटो पाहाले आली.”

मी फोटो दिला. तिनं खांद्यावरून बोट फिरवलं.

“माहा हात कुठं गेला?”

“आनंदरावांनी काढायला सांगितला.”

“फोटोवाल्यानं मले खुर्चीवर हात ठेव म्हटलं होतं. म्या ह्यायच्या खांद्यावर ठेवला. सासरे दाराशी उभे होते, तिथूनच ओरडले. हे हासले, अन् तेवढ्यात फोटो निघाला.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “आता काहून हासून राहिले ते?”

मी खालून दिवा असलेल्या टेबलावर काच ठेवली, वर दोन्ही फिल्म. मग दुसरी उचलली. खांद्यावर चार बोटं आली, बांगड्या आल्या.

“आहे वं!” ती म्हणाली. “असाच काढून दे, ताई.”

हात ठेवून मी फोटो छापला. तो वाळत होता तेवढ्यात आनंदराव आले. वहिनीला पाहून ते थबकले, मग फोटो पाहून भडकले.

“वहिनी, तुमी इथं? घरी सुतक आहे! अन् हे काय? पाहुणे विचारतीन, हा हात कोनाचा?”

“सांगा ना भाऊजी. बायकोचा आहे, कोनाच्या बापाचा नाही.”

वामनराव खोकल्याच्या नावाखाली हसले.

“तेरवीच्या फोटोत बाईचा हात कोन ठेवते?” आनंदराव माझ्याकडे वळले. “ओ बाई, ती काच आना इकडं. मीच खरवडतो.”

काच माझ्या हातात होती. मी ती मागे घेतली.

“काच स्टुडिओची आहे. तिच्यावर कोणी ओरखडा काढणार नाही. तुम्हीही नाही.”

“वामनराव, तुमची नोकर बोलून राहिली!”

वामनरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “तिले बोलाले लागते तवाच बोलते,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कौशल्यानं ओला फोटो उचलून दिराच्या हातात ठेवला.

“हा तुमी घ्या. आवडला नाही तं लावू नका.” मग मला म्हणाली, “ताई, काचेवरचं ते पहिलं पान बी काढून टाक. मले पुरी छाप. मी होती तिथं.”

“पुरी?”

“पायापासून. तेरवीले तोच ठेवीन मी. हार दोघायच्या मधात घालीन, ज्याले पाहाचं नसन त्यानं जेवून जावं.”

“लोक थुंकतीन!” आनंदराव म्हणाले.

“थुंकू द्या. घर माहं आहे, पुसून घेईन.”

मी काच पुन्हा टेबलावर ठेवली आणि पहिली फिल्म उचलली. टेबलाच्या उजेडात ती नवी नवरी पूर्ण उभी राहिली, मान ताठ, सासऱ्यांच्या दिशेला न बघता. काचेवर कुठे डाग नव्हता.

आनंदराव अजून बोलत होते. मी काच घेऊन डार्करूममध्ये गेले, आतून कडी लावली आणि लाल दिवा लावला.