बोरूचा पापुद्रा

शुक्रवारी दुपारी चारला आखातातल्या सनाबिसच्या हॉलमध्ये मैत्रीला वीस मिनिटं वाजवायचं होतं, आणि त्या वीस मिनिटांवर तिचा सगळा जीव टांगला होता. रविवारी झोउबाई कायमच्या चीनला निघाल्या होत्या. दिझी म्हणजे चिनी आडवी बासरी. ती त्यांनी इथं अकरा मुलांना शिकवली, आणि मुलांच्या मागे बसणाऱ्या, ऑफिसातून धापा टाकत येणाऱ्या मैत्रीलाही. गुरुजी म्हणावं तसं सगळे त्यांना लाओशी म्हणत. आपला क्लास मैत्रीनं पुढं चालवावा, ही लाओशींची इच्छा. पण मुलांचे आईबाप म्हणाले होते, आधी हिला ऐकू, मग ठरवू.

"ठरवतील गं," सुजीत, तिचा नवरा, गाडी लावताना म्हणाला. "आपल्या बाथरूमनं चार वर्षं ऐकलंय. कधी तक्रार केली का?"

"तू केलीस की."

"मी नवराय. माझं कामच ते."

ती हसली नाही. दिवसभर लोकांच्या रजा आणि व्हिसा बघायचे, आणि संध्याकाळी बांबूला ओठ लावले की तिची ती तिला सापडायची. क्लास गेला की ते दारच मिटलं.

मागच्या खोलीत तिनं दिझी काढली. फुंकायच्या भोकापुढं आणखी एक भोक असतं. त्यावर बोरूच्या आतला पापुद्रा लसणीच्या रसानं चिकटवतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सूर झिणझिणतो तो त्याच्यामुळं. तो नेहमी लाओशीच लावून द्यायच्या; तिनं तो कधी नीट निरखलाही नव्हता. आजही त्यांनी सकाळी लावून ठेवला होता. पण आता तो सैल दिसत होता, सुरकुत्या सुरकुत्या पडलेला.

दमट हवेनं घात केला, असं तिला वाटलं. आणि आजोबा आठवले. भीमजयंतीच्या मिरवणुकीपुरती खुंटीवरची हलगी काढणारे आजोबा. पाचटाचा जाळ करायचे, हलगी त्यावर शेकायचे, टिचकी मारून म्हणायचे, "ताणलं की बोलतंय बघ, पोरी." कातडं तापायचं, तापून तणायचं, तणून सारी वस्ती जागवायचं.

तिनं ओल्या बोटानं पापुद्र्याची कड सोडवली, सुरकुत्या जाईपर्यंत तो ओढून बसवला आणि आरशावरच्या तापल्या बल्बजवळ धरला. नखासारखा सपाट झाला. तिला हायसं वाटलं. फुंकून बघायला वेळ नव्हता. नाव पुकारलं होतं.

पहिली फुंक घातली आणि दिझी मुकी. सूर येत होता, पण कोरडा, सुकल्या आडातल्या पोहऱ्यासारखा. झिणझिण कुठंच नाही. तिनं जोर लावला तसा वरचा सूर फाटला. पुढच्या रांगेत कुणीतरी मोबाईल उघडला. वीस मिनिटं ती तशीच वाजवत राहिली. टाळ्या पडल्या, रीत म्हणून.

बाहेर चहाच्या टेबलाशी एका बापानं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "थँक यू मॅडम. क्लास आता थांबवू या." बाकीच्यांनी माना हलवल्या.

ती मागच्या खोलीत येऊन बसली. लाओशी आल्या. दिझी उचलून त्यांनी पापुद्र्यावर बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"मीच. सैल झाला होता."

"सैलच हवा!" तोडक्या इंग्रजीत त्या ओरडल्या. मग त्यांचा आवाज खाली बसला. "तुला हे शिकवलंच नाही मी. चार वर्षं माझ्याच हातानं लावत राहिले."

"आता काय उपयोग, लाओशी?"

"बाहेर त्यांचा चहा संपला नाही अजून. यल्ला, चल!"

पर्समधून लसणीची पाकळी निघाली, पापुद्र्याचे तीन तुकडे निघाले. पहिला मैत्रीच्या बोटांत फाटला. दुसरा रसात भिजून विरला. तिसऱ्याला लाओशींनी हात लावला नाही. नुसत्या कानाशी बोलत राहिल्या. "ओढू नको. पाण्यावरून वारा जातो ना, तेवढीच सुरकुती. हां. राहू दे तिला."

मैत्रीनं फुंकलं. बांबू अंगभर झिणझिणला.

बाहेर गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. ती दिझी घेऊन पार्किंगकडं धावली आणि भर उन्हात, जाणाऱ्या गाड्यांच्या पाठी लागून वाजवू लागली. एक गाडी थांबली. मागच्या सीटवरून लाओशींची विद्यार्थिनी रुकय्या ओरडत होती, "ममा, स्टॉप! दॅट्स द साउंड!"

तिची आई सुहा हिनं काच खाली केली.

"एकदा ऐका," मैत्री म्हणाली. "फक्त एकदा, पुरतं. मघाशी चूक झाली माझी."

सुहानं ऐकलं. गोड हसली. "सुंदर. पुढं बघू, इंशाल्ला."

हे इंशाल्ला मैत्रीला पाठ होतं. ऑफिसात येणाऱ्या माणसाला न दुखवता दाराबाहेर घालवायचं ते इंशाल्ला. काच वर गेली. काचेआड रुकय्याचे ओठ हलत राहिले, आणि गाडी वळली.

पार्किंग रिकामं झालं. लाओशी पायरीवर उभ्या होत्या, पदर नसलेल्या बाईनं डोळे टिपावेत तसे मनगटानं टिपत.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मैत्रीनं दिझी ओठांना लावली. पण रडत्या तोंडात फुंक धरेना.